किलोच्या भावात मराठवाडा

संभाजीनगरच्या जाफर गेटचा रविवारचा बाजार काही पुस्तकांचा बाजार नाही. तिथे जुन्या मोटारी, नळाच्या तोट्या, सायकलची चाकं, पितळी डबे, वापरलेले कपडे असं सगळं असतं आणि मध्येच एखाद्या ताडपत्रीवर पुस्तकांचा ढीग ओतलेला असतो. आठच्या आत पोचावं लागतं. नऊनंतर गाईडं आणि स्पर्धा परीक्षांचे संच तेवढे उरतात. ढीग चाळायची माझी एक रीत आहे. वर मांडलेलं चकचकीत पुस्तक मी बघत नाही. ज्याचा पुठ्ठा गेलाय, ज्याचं नाव कुणाला दिसत नाही, ते आधी ओढते.

तीन वर्षांपूर्वी आषाढात असंच एक ओढलं. जाडजूड पुस्तक. समोरचा पुठ्ठा नाही, नावाचं पान नाही, सुरुवातीची दहा-बारा पानं नाहीत. उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि ओळख पटली. अनंत भालेराव यांचं 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. ढिगामागे बसलेल्या पोराने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "बाजी, फटेली है, दस देव." मी दहा रुपये दिले.

घरी आणून ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ते उघडलं. मागचा पुठ्ठा एका दोऱ्यावर लटकत होता, पण त्यावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी शाबूत होती. ग्रंथालयं पहिल्या पानाशिवाय आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारतात. पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून. तो शिक्का सापडला. जालन्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या वाचनालयाचा होता. चिठ्ठीवरची पहिली तारीख नोव्हेंबर १९८८ची. पुढची दोन वर्षं पुस्तक जवळजवळ कपाटात परतलेलंच नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. मग वेग कमी झाला. पण एक गोष्ट नंतरही सुटली नाही. दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक तरी तारीख आहेच. कुणी तरी शाळकरी पोर १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणासाठी ते घेऊन जात असणार. मुक्तीला पन्नास वर्षं झाली त्या १९९८ साली तर सप्टेंबरात एकाखाली एक चार तारखा. शेवटची तारीख ११ सप्टेंबर २००३. त्यानंतर चिठ्ठी कोरी.

ती चिठ्ठी मी पुस्तकाआधी वाचली, दोनदा वाचली. एका गावाने आपल्याच लढ्याचा इतिहास पंधरा वर्षं कसा वाचला, याची ती नोंद आहे. ही नोंद दुसरीकडे कुठेही नाही आणि ती दहा रुपयांना बाजारात पडली होती.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. छापील पुस्तकावर प्रेम आहे म्हटलं की लोक लगेच नव्या पुस्तकाच्या वासाबद्दल बोलू लागतात. वास मलाही आवडतो. पण माझं म्हणणं त्याहून वेगळं आहे. आमच्या भागातलं बरंचसं लेखन आजही फक्त कागदावर आहे, आणि जिथे पुस्तकाच्या पाच-पन्नास प्रती उरल्या आहेत तिथे प्रत म्हणजेच पुस्तक. ती रद्दीत गेली की पुस्तक गेलं.

मोबाइलला माझा विरोध नाही. माझ्या थोरल्या बहिणीला आता छापलेली अक्षरं दिसत नाहीत. ती अक्षर मोठं करून, नाही तर ऐकून वाचते. तिच्यासाठी ते यंत्र देवासारखं आहे. पण तिने मागितलेली दहा पुस्तकं शोधायला बसले, तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकांची मिळतात आणि आमच्याकडची अडतात. आमच्याकडे कवितासंग्रह पाचशे प्रतींचा निघायचा. त्यातल्या शंभर भेट, दोनशे ग्रंथालयांना, उरलेल्या लेखकाच्या पलंगाखाली. त्याची दुसरी आवृत्ती निघत नाही. निघाली नाही म्हणून ते लेखन कमी दर्जाचं होतं असं कुणी समजू नये. भालचंद्र नेमाडे यांचा 'मेलडी' हा कवितासंग्रह १९७० साली आमच्याच शहरातल्या 'वाचा' प्रकाशनाने काढला होता. तेव्हाच्या औरंगाबादेत काही तरुण मंडळी पदरमोड करून अनियतकालिकं छापत होती, आणि त्यांची ती पातळ पुस्तकं आज मराठी कवितेचा इतिहास लिहिताना शोधावी लागतात.

इथे कायदाही मध्ये येतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले; त्यांचं लेखन २०१४पासून सगळ्यांसाठी खुलं झालं. नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले, म्हणजे २०४२ संपेपर्यंत थांबा. अनंत भालेराव १९९१ साली गेले, त्यांचं २०५१ संपेपर्यंत. रा. रं. बोराडे फेब्रुवारी २०२५मध्ये याच शहरात गेले, त्यांचं २०८५पर्यंत. हक्क असावेत, लेखकाच्या घराला त्यातून चार पैसे मिळावेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्या पुस्तकाची नवी आवृत्ती कुणी काढत नाही आणि जे परवानगीशिवाय इंटरनेटवरही ठेवता येत नाही, त्याने ही मधली वर्षं काढायची कुठे? जुन्या प्रतींमध्ये, माणसांच्या घरात आणि गावोगावच्या वाचनालयांत. दुसरी जागा नाही.

आणखी एक कायदा आहे, १९५४ सालचा. देशात छापलेलं प्रत्येक पुस्तक प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत चार ग्रंथालयांना पाठवायचं: कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली. संभाजीनगरात छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याला जाते, पण ती संभाजीनगरात जपून ठेवायला कायद्याने कुणी बांधलेलं नाही. १९५४च्या आधी, निजामी अमलात छापलेल्या मराठी पुस्तकांना तर तोही आधार नव्हता.

खरं तर ग्रंथालयाची किंमत मराठवाड्याला सांगावी लागू नये. निजामाच्या राज्यात १९२९च्या 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकामुळे सभा घ्यायची तर परवानगी लागायची. मग माणसं वाचनालयात जमायची, व्यायामशाळेत जमायची, गणेशोत्सवात जमायची. हैदराबादला मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ साली उभं राहिलं. आनंद कृष्ण वाघमारे यांचं 'मराठवाडा' साप्ताहिक १९३८ साली निघालं ते पुण्यातून. निजाम सरकार बंदी घालत गेलं, अंक नावं बदलून येत राहिले आणि चोरून वाचले गेले. कागद बाळगला म्हणून झडती होणाऱ्या मुलखातली आपण माणसं. हैदराबाद राज्याने ग्रंथालयांचा कायदा केला १९५५ साली. पुढे आपण ज्या राज्यात आलो, त्या महाराष्ट्राचा कायदा झाला १९६७ साली. बारा वर्षं आधी कायदा असलेला आपला भाग, आणि आज आपल्याच वाचनालयांची पुस्तकं ताडपत्रीवर ओतलेली बघावी लागतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

तो त्रास कुठून सुरू झाला तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या ग्रंथालयात मी एक जुनं मासिक बघायला गेले. कपाटं रिकामी. विचारलं तर उत्तर मिळालं, "निर्लेखन झालं, मॅडम. टेम्पो परवाच गेला." निर्लेखन म्हणजे दफ्तरातून नाव कमी करणं. जीर्ण पुस्तकं काढावी लागतात, जागा लागते, हे मला समजतं. पण जीर्ण कोणतं आणि दुर्मिळ कोणतं, हे ठरवायला त्या दिवशी कुणी बसलंच नव्हतं. दहा वर्षांत कुणी नेलं नाही ते काढा, एवढाच हिशेब झाला होता. पाठ्यपुस्तकाच्या चाळीस प्रती आणि बी. रघुनाथांच्या 'आडगावचे चौधरी'ची एकुलती एक प्रत, दोन्ही एकाच टेम्पोत. त्यानंतर मी जाफर गेटला दर रविवारी जाऊ लागले.

माझी स्वतःची वाचनाची वाट अशाच एकुलत्या एक प्रतींवरून गेली आहे. पंधराव्या वर्षी शाळेच्या पेटीतून बोराड्यांचं 'पाचोळा' हाती आलं. गंगाराम शिंप्याची बायको आपल्या बोलीत आपलं घर कसं मोडलं ते सांगते. तोवर माझी समजूत अशी की पुस्तकातली माणसं पुण्यासारखी बोलतात आणि आम्ही बोलतो ते चुकीचं असतं. माझी आजी बोलायची तेच शब्द छापलेले बघून मी ते पुस्तक बंद केलं, पुन्हा उघडलं आणि खात्री करून घेतली. पुढे वर्गात 'असं बोलू नये' हे वाक्य मी एकाही पोराला ऐकवलं नाही.

कुरुंदकर मला त्यांच्या मृत्यूमुळे भेटले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, याच शहरात, एका संगीताच्या कार्यक्रमात व्यासपीठावरच ते गेले. मी कॉलेजात होते. दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता, आणि मी त्यांची एक ओळ वाचलेली नव्हती. लाज वाटली. वाचनालयात 'जागर' मागितलं तर माझ्या आधी सात जण. तीन आठवड्यांनी मिळालं. सात दिवसांत परत करायचं होतं म्हणून निम्मं पुस्तक वहीत उतरवून काढलं. मला काय आवडलं हे आज त्या वहीवरून कळतं, आणि माझ्या आधीच्या सातांपैकी कुणाला काय आवडलं होतं हे त्या प्रतीच्या समासातल्या पेन्सिलीच्या रेघांवरून तेव्हाच कळत होतं. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघा मारू नयेत हे मीच मुलांना सांगत आले. पण थांबून वाचायला मला पहिल्यांदा त्या रेघांनीच शिकवलं.

समासाबद्दल बोलते आहे तर माझ्याकडच्या सगळ्यात मोलाच्या पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. ते मला वाचता येत नाही.

माझे वडील १९३१ सालचे. शाळेत त्यांचं शिक्षण उर्दूतून झालं. त्या पिढीच्या मराठवाड्यातल्या शिकलेल्या बहुतेकांचं झालं तसंच. नोकरी तहसिलात. घरात ज्ञानेश्वरी आणि तुकारामाची गाथा, आणि शेजारीच उर्दू पुस्तकांचा एक कप्पा. त्यात सिराज औरंगाबादी यांच्या गझलांचं एक जुनं पुस्तक आहे. सिराज इथलेच, अठराव्या शतकातले. त्यांच्या आधीचे वली, तेही इथलेच. उर्दू कवितेचा इतिहास कुठेही उघडा, सुरुवातीच्या पानांवर आपलं शहर येतं. वडील गेल्यावर, २००९ साली, मी तो कप्पा आवरायला घेतला. लिपी येत नाही, मग ठेवून काय करायचं, असं घरातल्यांचं मत होतं. सिराज उघडला. पानापानावर ओळींच्या डोक्यावर वडिलांनी टोकदार पेन्सिलीने, देवनागरीत, अवघड फारसी शब्दांचे मराठी अर्थ लिहिले होते. 'आरसा'. 'भान हरपणे'. 'फांदी'. 'बातमी'. मला अर्थ सगळे दिसत होते, शब्द एकही दिसत नव्हता.

ते पुस्तक घेऊन मी सिटी चौकाकडच्या एका उर्दू पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानातल्या वृद्ध चाचांनी चष्मा लावला, एक गझल वाचली आणि वडिलांचा प्रत्येक अर्थ तपासत गेले. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "यहाँ आपके वालिद ने जो लिखा है, वो मेरेकू भी नहीं सूझता था." मी दर गुरुवारी जाऊ लागले. ते वाचायचे, मी अर्थावर शब्द लिहून घ्यायचे. वडिलांनी शब्दावर अर्थ लिहिला, मी अर्थावर शब्द लिहिला, असं करत वीस-बावीस पानं पुरी झाली. मग चाचा आजारी पडले. सिराज आज कुठेही मिळेल, देवनागरीतही मिळेल. वडिलांची ती पेन्सिल मिळणार नाही. अशी पुस्तकं या शहरातल्या किती तरी कपाटांत आहेत, आणि आपल्याला लिपी येत नाही म्हणून ती सर्वांत आधी रद्दीत जातात, हे मी बाजारात डोळ्यांनी पाहते.

निराशा वाटेल अशीच सगळी परिस्थिती नाही. मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या रीड अँड लीड फाउंडेशनने आणि त्यांच्या शाळकरी लेकीने जानेवारी २०२१मध्ये, शाळा बंद असताना, बायजीपुऱ्यात पोरांसाठी पहिली मोहल्ला लायब्ररी उघडली, आणि पुढे ती गल्लोगल्ली गेली. पोरं चटईवर बसून वाचतात, पुस्तक घरी नेतात. भिलारनंतर सरकारने वेरूळला 'पुस्तकांचं गाव' करायचं ठरवलं, ही आपल्या जिल्ह्यासाठी चांगली गोष्ट आहे. तिथे लेणी बघायला जगातून माणसं येतात. त्यांच्यासाठी मांडलेल्या पुस्तकांत मराठवाड्यात लिहिलेलं आणि मराठवाड्यात छापलेलं एक मोठं दालन असावं असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे मराठवाडा साहित्य परिषद आहे, विद्यापीठ आहे, विभागीय शासकीय ग्रंथालय आहे, बळवंत वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. निर्लेखनाची यादी टेम्पो बोलावण्याआधी महिनाभर फलकावर लावावी आणि एकमेकांना पाठवावी, एवढं जरी या सगळ्यांनी मिळून ठरवलं, तरी निम्मं नुकसान टळेल. याला निधी लागत नाही.

दहा रुपयांच्या त्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते राहिलं. माझ्या शाळेतल्या एका जुन्या बाईंकडे त्याच पुस्तकाची दुसरी प्रत निघाली. ती शेवटाकडून वाळवीने खाल्लेली, पण तिची सुरुवात धड होती. त्या पानांची झेरॉक्स काढली आणि जुन्या मोंढ्याजवळच्या बाइंडरकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "साधं शिवू की जुजबंदी?" साधं म्हणजे कडेने भोकं पाडून दोरा ओढायचा, पुस्तक मग पुरतं उघडत नाही. जुजबंदी म्हणजे एकेक फर्मा सुटा करून, घडीच्या पोटातून सुई घालून शिवायचा. मी जुजबंदी म्हटलं. त्यांनी फर्मे मोकळे केले, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या. खळीत मोरचूद घातलं, म्हणजे कसर लागत नाही. मागचा पुठ्ठा फेकायला निघाले तेव्हा मी हात धरला. चिठ्ठी पाण्याने ओली करून हलकेच सोडवली आणि नव्या अस्तरावर जशीच्या तशी चिकटवायला लावली. दोन दिवस पुस्तक शिकंज्यात राहिलं. मजुरी झाली १८० रुपये.

मी ते घरी ठेवलं नाही. शिक्क्यावरच्या गावी एस.टी.ने गेले. वाचनालय ग्रामपंचायतीच्या एका खोलीत चालू होतं. वर्तमानपत्रं वाचायला चार म्हातारे बसले होते. तिथल्या तरुण ग्रंथपालाने नोंदवही उघडली, जुना दाखल क्रमांक शोधला. त्यापुढे तांबड्या शाईत 'बाद' लिहिलेलं होतं. त्याने नवा क्रमांक दिला.

घरातलं वाचणारं माणूस गेलं की तेराव्यानंतर कपाट आवरायला निघतं. तेव्हा रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा, फक्त एकदा, ते कपाट कुणा जाणत्या माणसाला, जवळच्या ग्रंथपालाला किंवा जुन्या शिक्षकाला दाखवा. पुठ्ठा नाही, पानं गळाली आहेत, लिपी येत नाही, एवढ्यावरून पुस्तक टाकून देऊ नका. आणि बी. रघुनाथांचं 'जगाला कळले पाहिजे' कुणाच्या माळ्यावर असेल, अर्धं असलं तरी, तर ते खाली काढा. दुसरी अर्धी प्रत कुठे आहे ते मला माहीत आहे.